सातव्या फेरीला वाढले

"मॅडम, आज वाढणार बगा," नाना शितोळे म्हणाले.

सकाळचे साडेसात वाजले होते. रिअ‍ॅक्टरच्या झाकणाचे बोल्ट आवळून ते स्टुलावरून नुकतेच उतरले होते आणि हातातला पाना चिंधीनं पुसत होते.

"वाढू दे की, नाना," मी म्हणाले. "तुमच्या तोंडात साखर पडो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाना खुंटीला अडकवला.

"तुमी म्हंता तर वाढू दे," ते म्हणाले. "तुमचा काय तरी हिशोब असंलच."

"हिशोब रिपोर्टात आहे. नारळ आणलाय ना?"

"आणलाय."

"साहेब लोक आले की लगेच वाढवून टाका. कालच्यासारखा शेंडी सोलण्यात वेळ नको."

"व्हय," नाना म्हणाले.

हे संभाषण मी गेल्या चोवीस वर्षांत बऱ्याचदा मनात फिरवून पाहिलं आहे. दर वेळी ते तेवढंच भरतं. त्यात सगळं होतं. नारळसुद्धा होता.

साल २००१, मार्च महिना. दौंडच्या अलीकडच्या एमआयडीसीत आगटे अरोमा नावाची कंपनी होती. नावात अरोमा होता. वास मात्र कंपनीचा निराळाच होता आणि तो हमरस्त्यावरच्या एसटीतल्या माणसांनाही नाकाला रुमाल लावायला लावी. मी तिथे संशोधन विभाग होते. विभागात मीच होते, म्हणून असं म्हणते.

आमचा धंदा असा: टर्पेंटाइनच्या घराण्यातलं एक ऑलेफिन घ्यायचं, त्यात पाणी घुसवायचं आणि तयार होणारं अल्कोहोल साबणवाल्यांना विकायचं. अल्कोहोल म्हटलं की पाहुण्यांचे डोळे चमकत. हे प्यायचं नाही, हुंगायचं, असं सांगितलं की विझत. वास मात्र खरंच सुरेख होता, लिंबाचा पाला चुरगाळल्यासारखा. आता, ऑलेफिनमध्ये दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले असतात. त्यांचा एकेक हात सोडवल्याशिवाय पाण्याला शिरकाव नाही. हे हात सोडवायचं काम आम्ही वीस वर्षं सल्फ्युरिक आम्लाकडून करून घेत होतो. आम्ल काम चोख करी. काम झाल्यावर त्या आम्लाचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर आम्ही वीस वर्षं मागच्या ओढ्यात सोडत होतो.

ओढ्यात आधी मासे मरत. मग मरायला मासे उरले नाहीत, तेव्हा गावकऱ्यांनी अर्ज केला. प्रदूषण नियंत्रण बोर्डाची नोटीस आली: एकतीस मार्चपर्यंत आम्ल बंद, नाहीतर कंपनी बंद. कंपनीत बेचाळीस माणसं होती.

मी त्याआधी दीड वर्षं एका गोष्टीच्या मागे लागले होते. सिलिकाचे दाणे, वर झिर्कोनियम आणि टंगस्टन या धातूंचा लेप. हे दाणे कार्बनचे हात सोडवतात आणि स्वतः कोरडे बाजूला राहतात. काम झालं की गाळायचे, धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा पुढच्या घाण्याला टाकायचे. ओढ्यात जायला काही शिल्लकच राहत नाही. कागदोपत्री त्याचं नाव सव्वा ओळ भरत होतं. नाना त्याला साबुदाणा म्हणत, कारण तो साबुदाण्यासारखाच दिसे, आणि आठवड्याभरात मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे साबुदाणाच म्हणू लागले.

बोर्डाची अट एकच होती. तेच दाणे निदान दहा घाण्यांना चालले पाहिजेत. दहा फेऱ्या.

नाना शितोळे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. पाच किलोमीटरवरच्या गावातून सायकलवर येत. सातवी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. बावीस वर्षांत एक मेमो नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत आणि जुन्या माणसांना अधूनमधून. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दाण्यांच्या फेऱ्यांचं रजिस्टर मी त्यांच्याच हाती दिलं होतं, कारण बाकीचे लोक उद्याचं तापमान आजच लिहून ठेवत.

पाच फेऱ्या माझ्या समोर झाल्या. पहिल्या फेरीला ऑलेफिनच्या शंभरातल्या अडुसष्ट भागांचं अल्कोहोल झालं. पाचवीला त्रेसष्ट. दाणे थकत होते. हा उतार असाच राहिला तर दहाव्या फेरीला आकडा कुठे असेल हे काढायला संशोधन विभाग लागत नव्हता.

आणि तेव्हाच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मी आठ दिवस सांगलीला गेले. सहावीपासून पुढच्या फेऱ्या नानांनी एकट्यानं केल्या. मी रोज संध्याकाळी हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथवरून कंपनीत फोन करी.

सातव्या फेरीच्या दिवशी लाइनमध्ये खरखर होती.

"नाना, सातवी कशी झाली?"

"वाढलं, मॅडम."

"काय म्हणता!"

"व्हय. वाढलं."

"किती वाढलं?"

"किती म्हंजी," नाना म्हणाले, "पार वाढलं की."

मी बूथमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटले. "नाना, तुम्हाला कल्पना नाही किती मोठी बातमी दिलीत. पेढे आणते सांगलीहून."

"पेढे?" नाना म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, मग आता फुडं कसं करू? दुसरा डबा घिऊ?"

"घ्या, घ्या. काय लागेल ते घ्या. फक्त थांबू नका."

दोन दिवसांनी लॅबमधून आठव्या फेरीचा आकडा कळला. एकोणसत्तर. पहिल्या फेरीपेक्षाही एक जास्त.

आता मी कोण होते हे लक्षात घ्या. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली बाई होते. मला नवल वाटलं, पण नवल वाटल्यावर ते नवल तसंच सोडून देण्याचं शिक्षण मला मिळालं नव्हतं. मी कारण शोधलं. परत आल्यावर रजिस्टर पाहिलं. सातव्या फेरीपुढे शेऱ्याच्या रकान्यात नानांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "वाढले. पुढे डबा नं. २." मी रिपोर्टात अडीच पानं लिहिली, की सातव्या फेरीत उष्णता आणि पाणी यांच्या संयुक्त परिणामानं दाण्यांच्या पृष्ठभागाची नव्यानं रचना होते आणि त्यांची शक्ती वाढते. खाली अकरा संदर्भ दिले. आमचे मालक आगटे साहेब यांनी त्याला 'सेव्हन्थ सायकल इफेक्ट' असं नाव दिलं आणि ते नाव मी विरोध न करता ठेवून घेतलं. बारा फेऱ्या पूर्ण झाल्या. शेवटचा आकडा चौसष्ट. रिपोर्टावर माझी सही होती.

बोर्डानं रिपोर्ट वाचला आणि म्हटलं, आम्ही येऊन बघतो. तेच दाणे घ्या, आमच्यासमोर आणखी दोन फेऱ्या करून दाखवा. तेरावी आणि चौदावी.

तेरावी आदल्या दिवशी निर्विघ्न झाली. आज चौदावी.

निमोणकर साहेब दहाला आले. बोर्डाचे अधिकारी म्हणजे पोट आणि सफारी असा माझा समज होता. हे काटकुळे, बुशकोटातले, बोलायला मवाळ होते आणि समोर आलेला प्रत्येक कागद वाचायची त्यांना सवय होती. ही सवय बघून आगटे साहेबांना आदल्या दिवसापासून घाम फुटला होता.

आगटे साहेबांविषयीही सांगते. वडिलांनी काढलेली कंपनी त्यांच्या गळ्यात पडली होती. त्यांना मनातून पोल्ट्री काढायची होती. पण नोटीस आल्यापासून ते रोज पहिल्या पाळीला येऊन गेटवर उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला नावानं हाक मारत. पूर्वी त्यांना दहा नावंही येत नव्हती.

नानांनी नारळ वाढवला. पाणी रिअ‍ॅक्टरच्या पायावर शिंपडलं. खोबऱ्याचा तुकडा निमोणकरांनी नको म्हणता म्हणता खाल्ला.

"मॅडम," ते मला म्हणाले, "तुमचा तो सातव्या फेरीचा प्रकार मी दोनदा वाचला. मी पण केमिस्ट्रीचाच. असं कुठे ऐकलं नव्हतं."

"आम्हीही नव्हतं, सर," मी नम्रपणे म्हणाले.

पावणेदोनला घाणा पूर्ण झाला. थंड केला. खालचा व्हॉल्व्ह उघडून सगळं गाळणीच्या पिंपात सोडायचं, दाणे कापडावर राहणार आणि अल्कोहोल खाली काचेच्या भांड्यात उतरणार. निमोणकर नमुन्याची बाटली घेऊन भांड्याशी वाकले. लिंबाच्या पाल्याचा वास सुटला.

पहिला लिटरभर द्रव काचेसारखा नितळ उतरला. मग धार बारीक झाली. मग थेंब. मग थेंबही थांबले.

"प्रेशर द्या थोडं," मी म्हणाले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, सकाळच्यासारखंच. आणि प्रेशर दिलं.

खालच्या भांड्यात ताक उतरू लागलं. राखाडी, दाट, पिठूळ ताक. निमोणकरांनी बाटली वर धरून उजेडात पाहिली आणि झाकण लावलं. आगटे साहेब माझ्याकडे वळले.

नानांनी पिंपाचं झाकण उघडलं. कापडावर साबुदाणा नव्हता. उकडीचा गोळा असावा तसा लगदा होता. नानांनी त्याला एक बोट लावलं, बोट चोळून पाहिलं, आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. गावात कुणी गेल्याची बातमी आली की माणसं टोपी काढतात तसं.

"वाढलं," ते हळूच म्हणाले.

आणि मला आईची बांगडी आठवली.

सांगलीला ऑपरेशनच्या आधी नर्सनं आईच्या बांगड्या काढायला घेतल्या होत्या. एक निघेना. साबण लावला, ओढली, तर तडकन दोन तुकडे झाले. आई मला म्हणाली, "वाढली गं. जाऊ दे, तुकडे नीट उचल." मी ते तुकडे कागदात गुंडाळले, पर्समध्ये टाकले आणि त्याच पर्समधून सुटे पैसे काढून समोरच्या बूथवरून कंपनीत फोन केला. सातवी कशी झाली म्हणून विचारायला.

निमोणकर हात धुवायला गेले. बाथरूम ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे जाऊन-येऊन दहा मिनिटं. मी नानांना बाजूला पंपांच्या शेडमध्ये नेलं.

"नाना, खरं सांगा. सातव्या फेरीला काय झालं होतं?"

"आवं सांगितलं नव्हं का तवाच? वाढलं म्हनून."

"फुटलं?"

नानांनी चटकन इकडंतिकडं पाहिलं. "असं बोलू नये, मॅडम. चालत्या कामात तसला शबुद घिऊ नये. वाढलं म्हनायचं."

"फुटलं होतं का, नाना?"

"पार पीठ झालतं. आजच्यावानीच. दोन रात बसू दिलं, वरचं निवळ काढून डबल कापडातून गाळलं, तवा लॅबला धाडलं. आन् फुडच्याला दुसऱ्या डब्यातलं कोरं घेतलं. तुमाला इचारून घेतलं. तुमी म्हनला, घ्या, काय लागंल ते घ्या."

"डबा नंबर दोन म्हणजे नवीन माल?"

"मग? लिवलंय की रजिस्टरात."

लिहिलं होतं. मी डबा म्हणजे गाळल्यावर दाणे ठेवायचा डबा समजले होते. आठव्या फेरीला आकडा वाढला, कारण माल नवा होता. आठवी म्हणजे त्या डब्याची पहिली. मी बोटांवर मोजलं. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, काल तेरा, आज चौदा. आज त्या डब्याची सातवी फेरी होती. माझ्या अडीच पानांत एक गोष्ट तरी अगदी बरोबर निघाली होती: सातव्या फेरीला खरोखरच काहीतरी होत होतं.

"म्हणून सकाळी म्हणालात? आज वाढणार?"

"मंग! सातवीला वाढतंय, ह्ये ठावं झालंय आता. मी म्हनलं मॅडमना याद द्यावी. तर तुमी म्हनला, वाढू दे, तोंडात साखर पडो." नाना थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सावकाश उलगडत गेलं. "मॅडम… तुमाला काय वाटलं वाढलं?"

मी सांगितलं.

नाना पंपाच्या चौथऱ्यावर टेकले. "आरं द्येवा," ते म्हणाले. मग हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. "तरीच म्हनलं, हे पेढे कशाचे."

शेडच्या दारात आगटे साहेब उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. पुरेसं ऐकलं होतं.

"ताम्हनकरबाई," ते म्हणाले, "म्हणजे फेऱ्या किती?"

"सहा. सातवीला भुगा."

"आणि आपण सांगितल्या बारा."

"मी सांगितल्या."

"तुम्ही सांगितल्या, मी सही शिक्क्यानं पाठवल्या." "बाई, रिपोर्ट खोटा निघाला तर नोटीस नाही, थेट कुलूप. वर केस. नवीन संधी नाही. बरोबर?"

"बरोबर."

"हे दाणे का फुटतात? कळेल?"

मला ते गेल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. मनाचा एक भाग असा असतो की घर पडत असतानाही तुळई कुठून कुजली ते बघत बसतो. "ढवळणारं पातं दाण्यांना झोडपतं. दर फेरीला थोडं थोडं. दाणे जाळीच्या टोपलीत बांधून ठेवले आणि द्रवच फिरवला तर दहाच काय, जास्तही चालतील. पण टोपली करायला, बसवायला दोन-तीन महिने हवेत."

"तीन महिने," आगटे म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. नानांकडेही नाही. पंपाकडे पाहत होते. "आज झालं ते चुकीमुळे झालं असं म्हटलं तर निमोणकर मुदत देतील. माणूस वाईट नाही. यंत्र चुकीचं चालवलं, पातं जोरात फिरवलं, दाणे फुटले. मागच्या बारा फेऱ्या तशाच राहतात."

"कोणी चालवलं चुकीचं?"

पंप चालू होता. रिअ‍ॅक्टरवर बावीस वर्षं एकच माणूस होता.

"हे होणार नाही," मी म्हणाले. "मी सांगते त्यांना. चूक माझी आहे. शब्द समजायला मी चुकले."

"सांगा ना," आगटे म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चिरकला. "सांगा! काय सांगाल? बोर्डाच्या अधिकाऱ्याला सांगाल की आमच्या संशोधन विभागाला मराठी आलं नाही? कोण विश्वास ठेवेल? मी ठेवला नसता! बेचाळीस माणसं आहेत बाई माझ्याकडे. मला सगळ्यांची नावं पाठ झालीत आता."

मी नानांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडे न्याय मागायला पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. काय बोलावं, तेही मला माहीत होतं. आणि हेच मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

नानांनी हेल्मेट गुडघ्यावर ठेवलं.

"साहेब, जाळीच्या टोपलीनं होनार का नक्की?"

"बाई म्हणतात होईल."

"मॅडम, होनार?"

"होईल," मी म्हणाले.

"ह्या खेपंला नीट इचार करून सांगा," नाना म्हणाले. "म्हंजी होईल. कुटल्या दुसऱ्या अर्थानं न्हवं."

"होईल, नाना."

ते उठले. हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि पट्टा हनुवटीखाली नीट बसवला. "मग एक जाईल. येकेचाळीस ऱ्हातील. चला, साहेब यायलेत."

निमोणकर रुमालानं हात पुसत आले. येताना टेबलावरचं रजिस्टर त्यांनी उचललं होतं आणि चालता चालता वाचत होते. मी आधी सांगितलं, त्यांना सवय होती.

"मॅडम, एक विचारू?" ते म्हणाले. "हा सातव्या फेरीचा शेरा. 'वाढले.' म्हणजे काय वाढले?"

नाना माझ्या उजवीकडे, हातभर अंतरावर उभे होते. एकदा हा शब्द मला समजला नव्हता म्हणून मी चुकले होते. आता तो मला पूर्ण समजला होता.

"रूपांतर, सर," मी म्हणाले. "यील्ड वाढलं."

"आणि डबा नंबर दोन?"

"गाळल्यावर दाणे ठेवायचा डबा."

निमोणकरांनी मान हलवली. "अस्सं. मला वाटलं…" ते किंचित हसले. "आमच्याकडे काही फुटलं की आई म्हणायची वाढलं. म्हणून शंका आली. असो. मग आज हे काय झालं?"

आगटे साहेब पुढे सरसावले. "सर, पात्याचा वेग जास्त ठेवला गेला. ऑपरेटरची चूक. त्यामुळे दाणे फुटले."

"कोण ऑपरेटर?"

"म्या, साहेब," नाना म्हणाले.

"वेग तुम्ही वाढवला?"

"व्हय," नाना म्हणाले. "म्या वाढवला."

चोवीस वर्षांत त्या शेडमधले दुसरे आवाज मी विसरले आहे. हा विसरले नाही. तो शब्द त्यांनी आमच्या अर्थानं वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

निमोणकरांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. आपल्याला काय दिसतंय आणि काय दाखवलं जातंय यांतला फरक त्यांना कळला असावा, असं मला पुढे अनेकदा वाटलं. पण त्यांच्या हातात कागद होते आणि कागद एकमेकांशी जुळत होते. माझ्या तीन महिन्यांच्या टोपलीचा आराखडा त्यांनी मान देऊन ऐकला. एकतीस मार्चपासून आम्ल बंद, नव्वद दिवस मुदत, त्यात दहा फेऱ्या बोर्डासमोर, आणि संबंधित ऑपरेटरवर काय कारवाई केली त्याचा कागद आठ दिवसांत. ते शेवटचं त्यांनी रजिस्टर मिटता मिटता सांगितलं.

कारवाईचा कागद मी टाइप केला. ऑफिसचा टायपिस्ट रजेवर नव्हता. तो नानांच्याच गावचा होता आणि तो म्हणाला, बाई, मला नाही जमणार. नानांच्या नावचा बावीस वर्षांतला पहिला मेमो. त्यात निष्काळजीपणा हा शब्द दोनदा येतो. एकदा कमी करता येतो का ते मी बघितलं. वाक्य लंगडं पडत होतं.

टोपली बसवली. एकतीस मार्चला आम्लाची शेवटची टाकी परत गेली. जूनमध्ये बोर्डासमोर त्याच दाण्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या, खऱ्या, एक ते अकरा, एकाच डब्यातल्या, आणि अकराव्या फेरीलाही आकडा साठच्या वर होता. दाणे साबुदाण्यासारखेच्या साबुदाण्यासारखे. निमोणकरांनी माझं अभिनंदन केलं. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात बेडूक ओरडले, तेव्हा आगटे साहेबांनी खास बोलावून ते मला ऐकवले. कंपनी आजही चालू आहे. मी तिथून निघाले त्याला खूप वर्षं झाली, पण ती चालू आहे. सातव्या फेरीवरची ती अडीच पानं जुन्या रिपोर्टात तशीच असतील, अकरा संदर्भांसकट. बारावा त्यात कुणी घालणार नाही.

नानांचा शेवटचा दिवस मात्र मार्चमध्येच होता. हेल्मेट, लॉकरची किल्ली आणि गमबूट जमा करायला ते आले होते. रजिस्टर माझ्या हातात देताना त्यांनी पानं नीट एकसारखी केली. मी गेटपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. सायकलचं हँडल धरलं.

"नाना, मी चुकले."

"चुकला की," नाना म्हणाले. "पन शब्दाला चुकला ते सोडा. त्ये कुनाचंबी व्हतं."

पुढचं ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यांनी पँटची चुणी करून सायकलची क्लिप लावली. मग वळून कंपनीकडे पाहिलं, पाटीकडे, धुराड्याकडे, दोन नंबरच्या शेडकडे, आणि देवळासमोर जोडतात तसे हात जोडले.

"कंपनी वाढू दे," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

"कुठल्या अर्थानं, नाना?"

नाना सायकलवर बसले. एक पाय जमिनीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी रिपोर्टात लिवाल त्या अर्थानं," ते म्हणाले, आणि पायडल मारलं.